कपाटावरची गिटार खाली काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: फोंडा तालुक्यातला 29 वर्षांचा तरुण. वेर्ण्याच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी. वडील सुतार, दारं-खिडक्या, देव्हारे करतात. व्हिडिओ बघून बघून यानं गेल्या वर्षी स्वतःच गिटार करायला घेतली आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पर्यटकांसमोर वाजवणाऱ्या मित्राला "सीझनच्या आधी देतो" असा शब्द देऊन बसला. जून ते सप्टेंबर, दुसरी पाळी करून आल्यावर रात्री काम चालायचं. एक बाजू वाकवताना मोडली, ती सांधून घेतली. गळ्यावरच्या सातव्या फ्रेटची (धातूच्या आडव्या पट्टीची) खाच कापताना करवत एक मिलिमीटर सरकली. तारा चढवल्यावर वरच्या फ्रेटवरचे सूर चढे लागू लागले. वैतागून गिटार एसीच्या बेडरूममध्ये कपाटावर ठेवली. मार्चमध्ये काढून बघतो तर वरची फळी ब्रिजपासून (तारा जिथे बांधतात त्या घोडीपासून) खालपर्यंत तडकलेली. वडील मागे एकदाच म्हणाले होते, "लाकूड नासवू नकोस." तेव्हापासून गिटार त्यांच्या नजरेस पडू दिलेली नाही. प्रश्न असा: "माझ्यात संयमच नाही. हे काम माझ्यासारख्याचं नाही असं समजून हत्यारं विकून टाकू का?"

प्रिय वाचक,

हत्यारं विकू नका. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

तुम्ही पत्रात संयमाबद्दल भरभरून लिहिलंय, स्वतःला नावंही पोटभर ठेवलीत. हवेतल्या ओलाव्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हापशात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे लगेच खटकतं. माझ्याकडे पावसात येतात त्या गिटारींची पोटं फुगलेली असतात, तारा बोटाला लागेनाशा उंच झालेल्या असतात. फेब्रुवारी-मार्चात येतात त्या तडकलेल्या, नाहीतर फिंगरबोर्ड, म्हणजे गळ्यावरची बोटं दाबायची पट्टी, आकसून फ्रेटची टोकं बाहेर आलेल्या. हात फिरवला की ओरखडा उठतो. यातल्या बऱ्याच गिटारी चांगल्या कारखान्यांत तयार झालेल्या असतात. त्यांना घडवणाऱ्यांच्या संयमाची कोणी चौकशी करत नाही.

तुमच्या फळीचं काय झालं ते बघू. लाकूड कापलं, तासलं, चिकटवलं तरी ते हवेतलं पाणी पीत आणि सोडत राहतं. पाणी प्यालं की आडवं फुगतं. रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळजवळ काहीच फरक पडत नाही. गिटारची वरची फळी स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, आणि तिला आतून चिकटवलेले ब्रेस, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, तिच्या रेषांना आडवे-तिरपे जातात. ते तुम्ही जुलैत चिकटवलेत. जुलैत आपल्याकडे आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात. फळी त्या दिवशी फुगून होती तेवढी रुंद झाली होती आणि तुम्ही तिला नेमकी त्याच रुंदीवर बांधून टाकलीत. नंतर ती गेली एसीच्या खोलीत. फळी आकसायला बघतेय आणि ब्रेस सोडायला तयार नाहीत. साधारण 38 सेंटिमीटर रुंदीची फळी एवढ्या फरकात 3 ते 4 मिलिमीटर आकसू पाहते. कुठेतरी तिला फाटावंच लागलं. म्हणून तर गिटार घडवणारे ब्रेस चिकटवतात ते 45 ते 50 टक्के आर्द्रतेत.

तीन-चार मिलिमीटर म्हणजे तुमच्या वडिलांच्या मापात एक सूत. आता आठवून बघा, पावसात दार अडकू नये म्हणून ते चौकटीत फट सोडतात ना? पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत नुसती सरकवतात, तिला फेविकॉल लावत नाहीत. पावसात फुगायला आणि थंडीत आकसायला तिला जागा हवी म्हणून. तुमची गिटार ज्या कारणानं तडकली त्या कारणाचा बंदोबस्त तुमच्या घरात रोज चालू आहे. गिटारच्या फळीला मात्र अशी मोकळीक देता येत नाही, ती कडेनं चिकटवावीच लागते. मग हातात उरतो तो चिकटवायचा दिवस. तो निवडावा लागतो.

चवथीला आरतीच्या आधी घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, शेकून घेतात. पावसाळी हवेनं कातडं सैल पडलं म्हणून कोणी वाजवणाऱ्याचा स्वभाव काढत नाही.

तुम्ही जुलै निवडलात, कारण मित्राचा सीझन. ऑक्टोबरच्या आत गिटार द्यायची म्हटल्यावर चिकटवण्याचं सगळं काम भर पावसात येणार, हे शब्द दिलात तेव्हाच ठरून गेलं. त्यानंतर तुम्ही कितीही सावकाश, कितीही निगुतीनं काम केलं असतंत तरी ही फळी तडकलीच असती. संयम हवा होता, नाही असं नाही. पण तो टेबलाशी नव्हे, मित्रानं "कधी देतोस?" विचारलं तेव्हा हवा होता. पहिलं वाद्य कोणाला कबूल करू नये. लग्नात द्यायचं नाही, बर्थडेला द्यायचं नाही, विकायचं तर नाहीच नाही. हे तुमच्याबरोबर इतर नवशिक्यांनाही सांगतोय, कारण या सदराला येणाऱ्या पत्रांत वाद्य कुठलंही असो, तारीख दिल्याचं दुखणं हमखास असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दुसरी पाळी करून घरी पोचून जेवेपर्यंत बारा वाजत असतील. त्यानंतर तुम्ही फ्रेटच्या खाचा कापत होतात. ही खाच साधारण 0.6 मिलिमीटर रुंदीची असते. एक खाच कापायला काही मिनिटं लागतात, पण ती मिनिटं डोळे ताजे असतानाची हवीत. दमून आलेल्या रात्रीसाठी वेगळी कामं काढून ठेवा: पटाशीला धार लावणं, गळ्याला पॉलिश पेपर मारणं, साचा घासणं, टेबल आवरणं. कापायचं आणि चिकटवायचं सुट्टीच्या दिवशी सकाळी. एवढा एक नियम पाळलात तर "माझ्यात संयम नाही" या तक्रारीतली निम्मी हवा जाईल.

चिकटवण्याचंही जवळून सांगतो, कारण पत्रातल्या वर्णनावरून तुमचा सगळ्यात जास्त तोल तिथे गेलाय. ब्रेसला फेविकॉल लावला, फळीवर ठेवला. पहिला क्लॅम्प आवळला तशी ओल्या गोंदावरून पट्टी घसरली. ती सरळ करेपर्यंत दुसरा क्लॅम्प तोकडा निघाला. तिसरा शोधायला उठलात, परत येईस्तोवर कडेचा गोंद ओढू लागला, आणि मग जे हाताला लागलं ते आवळून टाकलंत. इथे माणूस घाबरतो आणि घाई करतो, कोणीही करेल. यावर उपाय कंटाळवाणा आहे आणि तो लागू पडतो. गोंदाची बाटली उघडायच्या आधी सगळी जोडणी एकदा कोरडीच करा. एकूण एक क्लॅम्प लावा, खालचे लाकडी ठोकळे लावा, आवळा, पट्टी जागेवर बसतेय का बघा. घसरत असेल तर दोन टोकांना बारीक पिना मारून डोकी कापून टाका, पट्टी हलणार नाही. मग सगळं काढा आणि ज्या क्रमानं लागणार त्याच क्रमानं क्लॅम्प टेबलावर मांडून ठेवा. त्यानंतरच गोंद.

आता तुमच्या चुकांचा हिशेब. तुम्ही सगळ्यांना एकाच वजनानं तोललंय आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

सातव्या फ्रेटच्या एका मिलिमीटरसाठी तुम्ही अर्धं पत्र खर्च केलंत. 650 मिलिमीटर स्केलच्या, म्हणजे मोकळ्या तारेच्या लांबीच्या, गिटारवर सातव्या फ्रेटपासून पुढची तार 434 मिलिमीटरच्या आसपास. तिथे एक मिलिमीटर म्हणजे साधारण 4 सेंट. अर्ध्या सुराचे 100 सेंट धरतात. ट्यूनर दाखवील, पण शॅकमध्ये मासे खाणाऱ्यांना सोडा, खुद्द वाजवणाऱ्यालाही ते सहसा कळणार नाही. राहू द्या तसंच. फारच डाचत असेल तर फिंगरबोर्डच्याच लाकडाची पातळ पट्टी खाचेत चिकटवून, घासून, शेजारी नवी खाच कापता येते. पुढच्या वेळी ध्यानात ठेवायचं ते असं: प्रत्येक फ्रेटचं माप नटपासूनच (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) घ्यायचं, आधीच्या फ्रेटपासून नाही. नाहीतर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चुका एकमेकींच्या खांद्यावर चढत जातात. पहिली फ्रेट नटपासून 36.5 मिलिमीटरवर आणि बारावी बरोबर 325 वर आली की मन निम्मं शांत होतं.

वरचे सूर चढे लागतात ते सातव्या फ्रेटमुळे नाही. तुम्ही ब्रिज मोजून बरोबर 650 वर बसवलात, तिथे गोची आहे. तार दाबली की ताणली जाते, ताणली की सूर चढतो. म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी, हिशेबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यावी लागते आणि जाड तारांकडे आणखी थोडी, त्यामुळेच ती तिरपी दिसते. ब्रिजवर पिनांपर्यंत जागा असेल तर सॅडलची जुनी खाच लाकडानं भरा आणि मागे, तिरपी, नवी कापा. सुट्टीचा एक दिवस पुरेल. या चुकीचा हाताच्या कसबाशी काही संबंध नाही, माहिती कमी पडली एवढंच.

मोडलेल्या बाजूबद्दल तर मी तुम्हाला एक गोष्टच सांगेन. आजच्या स्पॅनिश गिटारचा आकार आणि आतली रचना ज्याच्यामुळे रूढ झाली तो अंतोनियो दे तोर्रेस मूळचा सुतार. त्यानं 1862 मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू पेपर-माशेच्या, म्हणजे कागदाच्या लगद्याच्या. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. कागदाच्या बाजू चालतात तिथे तुमची सांधलेली शिसवी बाजू चालणारच. ठिगळ दिसेल, दिसू द्या. याच तोर्रेसनं पुढे काही वर्षं गिटारी करणं सोडून अल्मेरियाला चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं होतं. 1875 च्या सुमारास तो परत कामाला लागला आणि 1892 मध्ये वारला तोवर गिटारी करत राहिला. तेव्हा हत्यारं काही काळ गुंडाळून ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा. विकायची वेळ आलेली नाही.

राहिली तडक. तिथे हात घालायला हवा, पण आत्ता नाही. पाऊस तोंडावर आलाय. जुलै उजाडेल तसा फळी पुन्हा फुगेल आणि तडक आपोआप मिटलेली दिसेल. तेव्हा फसून तिच्यात गोंद भरू नका. ते केलंत तर गेल्या वर्षीचा जुलै परत केल्यासारखं होईल आणि मार्चात फळी शेजारी कुठेतरी तडकेल. आत्ता तारा सैल सोडा आणि डिसेंबरपर्यंत थांबा. डिसेंबरमध्ये गिटार 45-50 टक्क्यांच्या कोरड्या कपाटात तीन-चार आठवडे ठेवा. तडक उघडी राहील, राहू द्या. त्या फटीत स्प्रूसची बारीक, निमुळती पट्टी चिकटवून वर तासून घ्या. मग आतून, गोल तोंडातून हात घालून आणि आरसा धरून, तडकेवर दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या छोट्या स्प्रूसच्या चकत्या लावा, त्यांच्या रेषा तडकेला आडव्या येतील अशा. गोंद साधा लाकडाचाच. अराल्डाईटसारखा नको; साध्या गोंदाचा सांधा गरम पात्यानं उकलता येतो आणि पहिल्या वाद्यात कुठला सांधा पुन्हा उघडावा लागेल याचा नेम नसतो.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर, काढून देणारे कारागीर आहेत. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी जाते, मग घोडी पुन्हा घासायची, ऐकायचं, परत घासायचं. चांगल्यात चांगल्या तंबोऱ्याच्या नशिबी हे वरचेवर येतं. वाद्य म्हटलं की उघडणं, घासणं, पुन्हा बसवणं आलंच. तुमच्या वाद्यावर ती पाळी जरा लवकर आली.

कोरडं कपाट करायला फार खर्च नाही. जुनं लाकडी किंवा लोखंडी कपाट, फटींना रबराची पट्टी, आत छोटा डीह्युमिडिफायर. पूर्वी लोक 40 वॅटचा पिवळा बल्ब जळत ठेवायचे. तोही चालतो, लाकडापासून हातभर लांब हवा. आत आर्द्रतामापक ठेवा, काहीशे रुपयांत मिळतो, मात्र त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासकट झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी आकडा 75 च्या जवळपास हवा. 80 दाखवला तर तुमचा मापक 5 नं जास्त सांगतो, तेवढं वजा करत जा. लाकूड कोरड्या कपाटात रुळलं की नाही हे कळायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. फळीवर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला वजन उतरत जाईल. दोन-तीन आठवडे हललं नाही की फळी ब्रेस लावायला तयार.

यंदाच्या पावसात काय कराल? साचा नीट करा. वडिलांच्या भुशाच्या ढिगाशेजारी पडलेल्या फणसाच्या, सागाच्या तुकड्यांवर खाचा कापण्याचा सराव करा, वाकवायच्या पट्ट्या मोडून बघा. मुद्दाम मोडा, किती गरम पाइपवर किती जाडीची पट्टी टिकते ते त्याशिवाय कळत नाही. खाचा कापायचा धसकाच बसला असेल तर कापलेल्या खाचांचा फिंगरबोर्ड विकत मिळतो, तो घेण्यात कमीपणा नाही. दुसरी गिटार मात्र एवढ्यात सुरू करू नका. अर्धवट दोन गिटारी घरात असल्या की एकही पुरी होत नाही.

आणि वडील. तुम्ही त्यांचं एकच वाक्य लिहिलंत आणि त्याचा अर्थ "तुला जमणार नाही" असा लावलात. असेलही तसा, मी त्यांना ओळखत नाही. पण भर पावसात मुलगा पातळ फळीवर पट्ट्या चिकटवतोय हे बघून पावसाची दारं बसवलेला सुतार "लाकूड नासवू नकोस" म्हणाला असेल, तर ते कदाचित फक्त लाकडाबद्दलच असेल. तुम्ही "का नासेल?" असं विचारलं नाहीत. आता विचारा. गिटार पुढे ठेवून "कशी झालीय?" असं नका विचारू, त्यावर घरातली माणसं एक तर कौतुक करतात नाहीतर टोमणा मारतात, दोन्हीचा उपयोग नाही. त्यांना एवढंच विचारा: "बाबा, जुलैत बसवलेल्या दाराला आणि जानेवारीत बसवलेल्या दाराला फट सारखीच सोडता का?" ते काय सांगतील ते वहीत उतरवून घ्या. मग तडक दाखवा. चिडले तर चिडले. तुम्हाला उत्तर मिळालेलं असेल, आणि जमलं तर त्यांच्याकडून रंध्याच्या पात्याला धारही लावून घ्या. स्प्रूसला बोथट पातं अजिबात चालत नाही.

हे सगळं वाचूनही सोडावंसं वाटलं तर? सोडा, त्यात गुन्हा नाही. फक्त कशाचा कंटाळा आलाय ते तपासा. लाकूड तासायचाच कंटाळा असेल, शनिवारी सकाळी रंधा हातात घ्यायला जीवावर येत असेल, तर तुमचा छंद गिटार वाजवण्याचा आहे, करण्याचा नाही. पण तुमच्या पत्रात गळा तासण्याबद्दलची चार वाक्यं आहेत आणि त्या चार वाक्यांत एकही तक्रार नाही. माझं मत तेवढ्यावर बनलंय: हीच गिटार, ठिगळासकट, येत्या फेब्रुवारीपर्यंत पुरी करा.

मित्राला आजच फोन करून सांगा की गिटार या सीझनला मिळणार नाही आणि पुढच्या सीझनचंही नक्की नाही. त्याच्याकडे वाजवायला एक गिटार असणारच, शॅकवाले वाजवणाऱ्याला नुसत्या हातानं उभं करत नाहीत. हत्यारांची जाहिरात टाकली असेल तर काढून टाका. क्लॅम्प उलट आणखी चार घ्या, ते कधीच पुरत नाहीत.